शिंगाच्या टोकाशी

जीवशास्त्र शिकवताना बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं, की वाढ म्हणजे रेटा. ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे पेशींचा युरिया, पडला की तरारणार. आमचा गोंदिया धानाचा जिल्हा, त्यामुळे दाखला वर्गाला लगेच पटायचा. पालक विचारायचे, “सर, पोराची उंची वाढायला काय देऊ?” मी दूध, डाळ, अंडी सांगून मोकळा व्हायचो.

आज माझं ते मत नाही. ते बदलायला सुरुवात झाली नागझिऱ्यात.

चोरखमारा गेटमधून आत गेल्यावर एक चितळ नर अगदी जवळ दिसला. गव्याची शिंगं पोकळ आणि जन्मभराची. चितळाची भरीव, हाडाची, गळून पुन्हा येणारी. याची नुकती वाढत होती. त्यांवर लवेची मऊ कातडी, टोकं बोथट, फुगीर. फांदीचा धक्का लागू नये म्हणून मान तिरकी करून तो पाला ओढत होता. त्या टोकात अजून हाड नसतंच. वर कोवळ्या पेशी, त्यांच्याखाली कूर्चा, आणि हाड त्याच्याही खाली.

मुलांच्या गुडघ्याजवळच्या वाढपट्टीतही कूर्चेचंच हाड होतं. तिथला कारभार 1996 साली उलगडला. पक्व होऊ लागलेल्या कूर्चापेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचं प्रथिन सोडतात. त्यामुळे हाडाच्या टोकाशी ‘पीटीएचआरपी’ तयार होतं, आणि ते खालच्या पेशींना सांगतं, इतक्यात पक्व होऊ नका, विभागत राहा. हा निरोप नसलेल्या उंदरांच्या पिल्लांत कूर्चेचं हाड अवेळी होतं, पाय आखूड राहतात. पुढे 2004 साली लाल हरणाच्या वाढत्या शिंगातही हीच जोडी सापडली.

हे वाचून मी हललो. हाड लांब होतं ते पेशींना हाड होण्यापासून काही काळ अडवून धरल्यामुळे! रेटा नसतोच असं नाही. शिंगं वाढताना हरणाच्या रक्तात ‘आयजीएफ-1’ हा वाढीचा घटक चढतो. पण ‘एफजीएफ’ कुळातले घटक वाढपट्टीत लगाम घालतात. त्यांचा निरोप घेणारं ‘एफजीएफआर-3’ जनुकदोषामुळे अतिसक्रिय झालं, की अकॉन्ड्रोप्लेझिया होतो, हातपाय आखूड राहतात. हे 1994 साली कळलं, आणि 2021 साली तो लगाम सैल करणाऱ्या व्होसोरिटाइड औषधाला मान्यता मिळाली. युरियाचा दाखला मी तेव्हापासून सोडला.

पालक आजही तोच प्रश्न विचारतात. मी आधी वय विचारतो, वयात येण्याची लक्षणं दिसू लागलीत का ते विचारतो. वाढपट्टी इस्ट्रोजेनमुळे मिटते, मुलग्यांतही. ती मिटली असेल तर कुठल्याही डब्यातली पावडर उंची वाढवणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पोर लहान असेल आणि वाढ मागे पडलेली दिसत असेल, तर म्हणतो, वर्ष वाया घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवून, वाढपट्टी कितपत उघडी आहे ते कळायला, आधी मनगटाचा एक्स-रे काढा.