जागलीची तयारी

माळ्यावर किंवा मचाणावर रात्र काढायची म्हणून कोणी माझ्याकडे चौकशीला आलं की पहिला प्रश्न सामानाचा असतो. बॅटरी कोणती घ्यावी, पांघरूण किती, खायला काय. मी मात्र आधी जागेचं विचारतो. वारा कुठून येतो, पाणी कुठं आहे, चांदणं कोणत्या अंगानं चढणार, वर जायची वाट कशी आहे. दिवस मावळल्यावर यातलं काहीच बदलता येत नाही. रात्रीचा मुक्काम दिवसाउजेडी बांधून व्हावा लागतो. अंधार पडल्यावर माणसाच्या हातात एवढंच उरतं, बसायचं आणि हलायचं नाही.

मी कुरुंद्याचा. वसमत तालुक्यातलं आमचं हे गाव, जवळ टोकाईचा गड आणि भोवती हळद, केळी, ऊस. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यांनी या तालुक्यात आलं, तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर रानडुकरंही वाढली. पूर्वी सुगी संपली की रान मोकळं पडायचं आणि जनावराला दडायला जागा राहायची नाही. आता बाराही महिने कुठं ना कुठं ऊस उभा असतो. दिवसा त्यात झोपायचं आणि रात्री शेजारच्या भुईमुगात, हरभऱ्यात, ज्वारीत उतरायचं, हा डुकरांचा क्रम झाला. रोही वेगळेच, ते कळपानं येतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. म्हणून जंगल नसलेल्या आमच्या भागातही रात्री उंचावर बसून जागल करणं हे पेरणी-खुरपणीसारखंच शेतीचं काम होतं.

आजोबा दर रब्बीला माळा घालायचे. चार मेढी बाभळीच्या, खोल गाडलेल्या. वर आडवी लाकडं, त्यांवर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या दाट पसरायच्या, त्यांच्यावर कडबा आणि कडब्यावर वाकळ. उंची दोन पुरुष. बांधायला अंबाडीचा दोर. तार चालायची नाही त्यांना, कारण कूस बदलली की ती करकरते आणि माळ्याचा आवाज पहिल्यांदा ऐकतो तो ज्याच्यासाठी आपण बसलोय तो. माळा कधी पिकाच्या मधोमध घालायचे नाहीत. धुऱ्याच्या कडेला, जनावर जिथून शिरतं त्या वाटेच्या आडव्या अंगाला घालायचे. डुकराची वाट ठरलेली असते. सकाळी शेताला फेरी मारली की चिखलातली खुरं, उपटलेली ढेकळं, कुंपणाच्या काट्याला चिकटलेले राठ केस सगळं सांगून जातात. माळ्याची जागा नक्की करण्याआधी आजोबा पुष्कळ सकाळी नुसते फिरायचे. तेव्हा मला ते रिकामं फिरणं वाटायचं. आज कुणी मचाणाचं विचारलं की मी आधी तेच करायला सांगतो.

वाऱ्याची परीक्षा राखेची. चुलीतली बारीक राख चिमटीत घेऊन सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. ही परीक्षा दुपारी घेऊन भागत नाही. दिवेलागणीला दिवसाचा वारा पडतो, जमीन निवायला लागते आणि गार हवा उतारानं, ओढ्याच्या अंगानं हळूहळू खाली सरकते. दुपारी जो वारा तोंडावर येतो तो रात्री पाठीमागून येऊ शकतो. ‘‘लेका, डुकराला डोळा नसतो, नाक असतं,’’ असं आजोबा म्हणायचे. डुकराची नजर खरोखरच बेताची असते, वासाला मात्र त्याची बरोबरी फार थोड्या जनावरांना येते. म्हणून ओढ्याकाठी बसायचं असेल तर ज्या दिशेनं जनावर येणार तिच्या वरच्या अंगाला कधीही बसू नये. आपला वास रात्रभर खाली वाहत राहतो आणि जनावर आपल्याला दिसायच्या आधीच वळतं. आपण मात्र सकाळी म्हणतो, काही आलंच नाही.

शेतातला हा हिशेब पुढं जंगलात कामी आला. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, वन विभाग हौशी माणसांना पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देतो. मेळघाटात, ताडोबाच्या बफरमध्ये, आणि इतरही अभयारण्यांत. ‘निसर्गानुभव’ या नावानं आता हा उपक्रम ओळखला जातो. रात्र निवडलेली आहे ती विचारानं. उन्हाळ्याच्या शेवटाकडे ओढे आटलेले असतात, त्यामुळे जनावर मोजक्या पाण्यावर येतं. पानगळ होऊन गेलेली असल्यानं नजर लांब पोचते. आणि चंद्र दिवस मावळताना उगवतो तो उजाडेपर्यंत आकाशात असतो. पूर्वी या रात्रीला प्राणिगणना म्हणत आणि तिच्या नोंदींना वजन असे. सारिस्कातले वाघ संपल्याचं २००४-०५ मध्ये उघडकीला आलं, पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मोडीत निघाली आणि २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅपच्या आधारे देशभरचा अंदाज काढला जातो. पाणवठ्यावरच्या माणसाच्या वहीवर आता वाघांचा आकडा ठरत नाही. तरी ती वही मी मनापासून भरतो. कॅमेरा समोरून गेलेलं टिपतो. पाण्याशी न येता पलीकडच्या काठावर तासभर उभं राहून परत फिरलेलं सांबर कॅमेऱ्यात येत नाही, वहीत येतं.

आता चांदण्याविषयी, कारण हा भाग फारसं कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर दक्षिणेकडे झुकून चालतो. आपल्या अक्षांशावर वैशाखातला पूर्ण चंद्र आग्नेयेच्या बाजूनं चढतो, मध्यरात्रीही माथ्यावर येत नाही, दक्षिणेला अर्ध्या आभाळात राहतो आणि नैर्ऋत्येकडे उतरतो. तेव्हा पाणवठ्याच्या दक्षिणेला बसलात तर चांदणं तुमच्या पाठीमागून पाण्यावर पडतं आणि आलेल्या जनावराचं अंग उजळतं. उत्तरेला बसलात तर रात्रभर काळ्या आकृत्या बघाव्या लागतात. अस्वल आणि डुक्कर यांत घोटाळा होतो. त्यात वाऱ्याची भर घाला. मे महिन्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडचा, म्हणजे आपला वास पाण्यावरून जाऊ नये यासाठी बसायला पूर्वेची बाजू बरी. दोन्ही जुळवून बघितलं की आग्नेयेचा काठ हाती येतो. त्याची किंमत एवढीच की संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. टोपीची कड पुढं ओढून तेवढा वेळ काढावा. वन विभागानं बांधलेलं मचाण आपल्याला निवडता येत नाही हे खरं, पण वर बसायची बाजू, पाठ टेकायची जागा, कुठली फट उघडी ठेवायची आणि कुठली पाल्यानं बुजवायची, हे उजेड असेपर्यंत आपल्याच हातात असतं.

आता सामान. पाणी माणशी पाच लिटर. मे महिन्यात त्याहून कमी नेणं म्हणजे जिवाशी खेळ. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर टांगली की पाणी पिण्याजोगं राहतं. जेवायला धपाटे आणि दुधातली दशमी, सोबत शेंगदाण्याची चटणी. दोन्ही दुसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात आणि खाताना आवाज होत नाही. पुड्यातलं काही न्यायचंच असेल तर घरीच सोडून कापडात बांधावं, कारण रात्री दोनच्या शांततेत प्लॅस्टिकची चुरचुर शंभर पावलांवर ऐकू जाते. कपडे सुती, मातकट रंगाचे. पांढरा सदरा चांदण्यात लांबून दिसतो. अत्तर, तेल, डास पळवायचं मलम यांतलं काही अंगाला नको, त्यापेक्षा पूर्ण बाह्या आणि पायमोजे घालावेत. पोट साफ करून वर चढावं, आणि लघवीसाठी रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बाटली न लाजता सोबत घ्यावी. रात्री त्या कारणासाठी खाली उतरणं धोक्याचं आहे आणि मचाणावरून खाली सोडणं म्हणजे आपला पत्ता सांगणं आहे.

बॅटरीला लाल पतंगाचा कागद लावून घ्यावा, तोही दुहेरी. डोळ्यांना अंधार पूर्ण ओळखीचा व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ही सगळी कमाई क्षणात जाते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून फोन बंद करून पिशवीच्या तळाशी. वेळ कळायला आभाळ पुरतं. पौषातल्या जागलीत मृगाचं तिकांडं माथ्याजवळ आलं की मध्यरात्र जवळ आली म्हणायचं, आणि जोडीदाराला पहारा देऊन पाठ टेकायची. वैशाखी पौर्णिमेला तर चंद्रच घड्याळ. तो बरोबर दक्षिणेला आला की अर्धी रात्र झाली.

जोडीदार निवडणं हा तयारीतला सगळ्यात नाजूक भाग आहे. खोकला असलेला, घोरणारा, विडी ओढणारा किंवा दर अर्ध्या तासानं ‘काय दिसलं?’ विचारणारा माणूस कितीही जिवलग असला तरी त्याला त्या रात्री घरी ठेवावं. खुणा आधी ठरवाव्यात. आम्ही गुडघ्यावर एक बोट टेकवलं तर ‘थांब’, दोन टेकवली तर ‘डावीकडे बघ’.

दोन गोष्टींत मात्र कसलीही तडजोड नाही. पहिली मण्यार. माळा उंच असतो तो नुसता लांबवर दिसावं म्हणून नव्हे. मण्यार रात्री फिरतो, आखाड्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तोवर बराच वेळ गेलेला असतो. म्हणून शेतात मुक्काम करणाऱ्यानं जमिनीवर अंग टाकू नये. उंचावर झोपावं आणि वाकळ झटकून पसरावी. पापण्या जड वाटल्या तर मांत्रिकाच्या वाटेला न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. ते कुठल्या दवाखान्यात आहे, तिथवर कोणती वाट, कोणाची गाडी, हे मुक्कामाच्या आधी विचारून ठेवणं हा तयारीचाच भाग आहे.

दुसरी वीज. अमेरिकेत १९१० च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं, आणि पुढच्या काळात तिथल्या वन खात्यानं शिखराशिखरांवर आगीवर नजर ठेवणाऱ्या टेहळणी खोल्या बांधल्या. एकटा माणूस उन्हाळाभर तिथं राहायचा. वादळ आलं की तो पायांना काचेचे गट्टू बसवलेल्या चौरंगावर उभा राहायचा, आणि खोलीच्या छपरापासून तांब्याची तार जमिनीत उतरवलेली असायची. आपल्या माळ्याला, मचाणाला यांतलं काहीच नसतं. मोकळ्या शिवारातलं एकटं उंच झाड आणि त्यावर माणूस, याहून वाईट जागा विजेसाठी नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप संध्याकाळी चढण्याआधी बघावं, आणि वळीवाचा ढग उठताना दिसला तर गडगडाट जवळ येण्याआधी उतरून पक्क्या घरात जावं. पिकाचं नुकसान झालं तर होऊ द्यावं.

आपल्याकडेही जंगलात कायम राहणारी माणसं आहेत. मेळघाटातल्या संरक्षण कुट्यांत वनरक्षक आणि वनमजूर वस्ती करतात, सौर दिव्यावर आणि वायरलेसवर. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या काळात जाळरेषा साफ ठेवायच्या आणि धूर दिसला की धावायचं. मग पाऊस लागतो, ओढे भरतात, वाटा बंद होतात, म्हणून शिधा आधीच भरून ठेवायचा. एका रात्रीसाठी बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे. उतरताना आपला कचरा आपल्या पिशवीत परत न्यावा आणि कुटीतलं पाणी मागू नये, एवढं तरी करावंच.

जंगल आणि शेत यांत आपण मानतो तेवढं अंतर नाही. टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, २०१९ च्या जूनमध्ये निघाला तो पैनगंगेच्या खोऱ्यातून, आमच्या हिंगोली जिल्ह्यातून चालत त्याच वर्षाच्या अखेरीला बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. १,३०० किलोमीटरहून अधिक चाल झाली ती. कापूस, तूर, सोयाबीन यांच्या रानांतून, ओढ्यानाल्यांच्या आडोशानं, बहुतेक रात्रीच. ही बातमी कळल्यापासून माळ्यावर बसलो की ओढ्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आता शिवारात माळे कमी दिसतात. सौर पेटीवर चालणारी झटका मशीन आली, तिचा धक्का जनावराला पळवतो, मारत नाही, आणि शेतकऱ्याची झोप वाचते. ती यावीच. रात्र रात्र जागून दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला लागलेली माणसं मी घरात पाहिली आहेत. पण काही ठिकाणी तारेत थेट लाईन सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात रानडुकराआधी आपलीच माणसं मरतात. ज्याला ही तार ओढायचा मोह होतो त्यानं चार रात्री माळ्यावर बसावं. त्या धुऱ्यावरून कोण कोण ये-जा करतं, त्यात पाणी द्यायला निघालेली माणसं किती असतात, ते त्याच्या लक्षात येईल.

तुमच्या गावात माळा घालता येणारा कोणी म्हातारा अजून असेल तर यंदा ज्वारी पोटऱ्यात येण्याआधी त्याच्याकडून एक माळा घालून घ्या. सकाळी त्याच्याबरोबर धुऱ्यावरून फिरा, राख कशी सोडायची ते विचारा, आणि घरातलं एखादं शिकतं पोर सोबत न्या. मचाणाची नोंदणी त्यानंतरच्या वैशाखात करा.