जाड मानेचा भोपळा

बटरनट स्क्वॉश घेताना मी आधी त्याची मान बघते. ती जाड आणि लांब हवी. बिया सगळ्या खालच्या फुगीर भागात असतात, वर नुसता भरीव गर. सालीवर हिरव्या रेघा दिसल्या, तर तो कोवळाच काढलेला समजायचा. मी बॉस्टनच्या पश्चिमेला, वॉल्थमजवळ राहते, त्यामुळे हा भोपळा मला गाववाला वाटतो. इथून जवळच्या स्टो गावात चार्ल्स लेगेट यांनी १९४०च्या दशकात तो तयार केला आणि वॉल्थमच्या शेतकी केंद्रात नेऊन दाखवला. पुढे ‘वॉल्थम बटरनट’ या सुधारित वाणाला १९७० साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कारही मिळाला.

आणल्या आणल्या मात्र मी तो चिरत नाही. ऑक्टोबरात घेतलेला तळघराच्या पायरीवर ठेवून देते. थंड, कोरड्या जागेत त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते आणि डिसेंबरात तो जास्त गोड लागतो. आजोळी माळ्यावर लाल भोपळे असेच पडून असायचे. ते उगाच जागा अडवतात, असं तेव्हा वाटायचं.

एका हिवाळ्यात आई इथे आली होती. दुपारी सव्वाचारला सूर्य मावळतो हे तिला काही केल्या पटत नव्हतं. ती देवापाशी दिवा लावायची तेव्हा माझं ऑफिसचं काम चालूच असायचं. मी सुरी घेतली तशी म्हणाली, “अगं थांब, अख्खा भोपळा बाईने चिरू नये. जावईबापूंना बोलाव.” या रूढीचं मला कौतुक नाही, पण बटरनटची टणक साल बघता पहिला वार दुसऱ्या कोणी केला तर माझी हरकतही नाही. नवऱ्याने त्याची उभी दोन भकलं करून दिली.

पाण्यात उकडलेल्या भोपळ्याचं सूप आजाऱ्याच्या पथ्यासारखं लागतं. म्हणून मी तो भाजते. तेल-मीठ चोळून, कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवायचा, शेजारी कांद्याच्या जाड चकत्या आणि न सोललेला लसूण, ओव्हन ४०० अंश फॅरनहाइटवर, पाऊण ते एक तास. पाणी आटतं, कडा खरपूस होतात, गर चमच्याने निघतो. कच्चा सोलायच्या भानगडीत पडूच नये. त्याचा चीक तळव्यांवर वाळला की कातडी ओढल्यासारखी होते. तोवर दुसऱ्या शेगडीवर आतल्या धाग्यांचं, आल्याच्या तुकड्यांचं पाणी उकळत असतं. बिया आईने आधीच वेचून, धुऊन पंचावर वाळत घातल्या होत्या.

हे गाळलेलं पाणी आणि गर एकत्र करून पातेल्यातच हँड ब्लेंडर फिरवायचा. बंद मिक्सरमध्ये नको, गरम सुपाच्या वाफेने झाकण उडतं. क्रीम लागत नाही, भाजलेला गर मुळातच दाट असतो. इकडे बरेच जण यात दालचिनी, जायफळ आणि वर मेपल सिरप घालतात. आधीच गोड असलेल्या भोपळ्यावर सिरप ओतणं मला तरी कळत नाही. मी मिरी घालते, लिंबू पिळते.

आईने चव घेतली. “बरं झालंय. फोडणी कुठाय?”

“सुपाला फोडणी नसते, आई.”

“भोपळ्याला असते ना?”

शास्त्रानेही तिचीच बाजू घेतली असती. बटरनट आणि आपल्याकडचे बहुतेक लाल भोपळे एकाच जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा. तिने कढल्यात तूप तापवलं, मेथीदाणे, हिंग, एक सुकी मिरची टाकली आणि मेथी लालसर होताच फोडणी सुपावर ओतली. गोडी आवरायचं जे काम माझं लिंबू जेमतेम करत होतं, ते त्या चार कडू दाण्यांनी चोख केलं. तेव्हापासून लिंबू बंद.

वाट्या भरल्या, तर आईने स्वतःच्या वाटीत भात कालवला. हे नुसतंच प्यायचं असतं, असं मी सांगायला गेले.

“मग पोट कशाने भरायचं?” ती म्हणाली.

नवऱ्याने काही न बोलता भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं.