आधी प्रश्न ऐकावा

टेबलावरचा इंटरनेट फोन आणि त्याच्या शेजारचा संगणक यांचं काम वेगळं, पण वीज मिळाल्यावर दोघंही पहिल्यांदा करतात ते एकच. स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो, सर्व्हर कुठे आहे तेही ठाऊक नसतं, म्हणून सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असा पुकारा करतात. डीएचसीपी सर्व्हर तो ६७ नंबरच्या पोर्टवर ऐकतो आणि आयपी पत्त्याबरोबर काही नंबरवार नोंदी पाठवतो. त्यांना आम्ही ऑप्शन म्हणतो. लॅबमधले संगणक नेटवर्कवरून बूट करायचे आणि त्याच तारेवर फोनही चालवायचे, असं काम आलं की माझं लक्ष आधी ऑप्शन ६६ कडे जातं.

१९९७ च्या डीएचसीपी प्रमाणकात ६६ म्हणजे टीएफटीपी सर्व्हरचं नाव आणि ६७ म्हणजे बूट फाइलचं नाव. १९९९ मध्ये इंटेलच्या पीएक्सई २.१ ने नेटवर्कवरून बूट होण्याची रीत पक्की केली, आणि संगणकांसाठी या जागा भरायची सवय आम्हाला लागली. पुढे कित्येक फोन कंपन्यांनी आपली सेटिंग कुठून उचलायची हे सांगायला तोच ६६ घेतला. काही फोनना तर तिथे अख्खा एचटीटीपी पत्ता हवा असतो. जागा एक, हक्क सांगणारे दोन. संगणकाच्या सोयीचं लिहिलं की फोन नोंदणीविना बसतो. फोनच्या सोयीचं लिहिलं की संगणक टीएफटीपीची वाट बघत ताटकळतो.

यावर पुस्तकी उत्तर आहे: फोनना वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरचं वेगळं नेटवर्क, द्या. द्यायलाच हवं. आवाजाच्या पॅकेटांना रांगेत पुढे ठेवायचं कामही तिथे सोपं होतं. पण आपलं व्हीलॅन कोणतं हे फोनला कोण सांगणार? स्विच एलएलडीपीने सांगत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर अनेक फोन आधी संगणकांच्याच नेटवर्कवर येतात, डीएचसीपीकडून व्हीलॅनचा नंबर घेतात, मग टॅग लावून नव्या घरी पुन्हा पत्ता मागतात. म्हणजे वेगळं होण्यासाठीसुद्धा आधी एकत्र यावं लागतं. गेलेली वीज परत आली की फोन आणि संगणक एका दमात पुकारा करतात, तेव्हा हा घोळ पुरता उघडा पडतो.

मग ओळखायचं कसं? मॅक पत्त्याची यादी करावी असं बहुतेकांना सुचतं. मॅकचे पहिले तीन बाइट बनवणारी कंपनी सांगतात, पण यंत्राला आत्ता काय हवंय ते सांगत नाहीत. एकच संगणक पाहा. आधी त्याचं फर्मवेअर विचारतं. त्याला आयपीएक्सई हा पुढचा बूट प्रोग्रॅम दिला की तेच आयपीएक्सई त्याच मॅकवरून पुन्हा विचारतं. मॅक बघून उत्तर दिलं तर त्याला परत आयपीएक्सईच मिळतं, आणि हे चक्र थांबत नाही. शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम उठून तिसऱ्यांदा पत्ता मागते. यंत्र तेच, मागणी दर वेळी निराळी.

ही मागणी प्रश्नातच लिहिलेली असते. ऑप्शन ६० मध्ये संगणक 'पीएक्सई क्लायंट' असं सांगतो, फोन बहुधा आपल्या कंपनीचं नाव सांगतो. ऑप्शन ९३ वरून जुनं बायोस की यूईएफआय ते कळतं: शून्य आलं तर बायोस, सात आलं तर ६४ बिटचं यूईएफआय, आणि दोघांच्या बूट फाइली वेगळ्या. आयपीएक्सई आपली ओळख ऑप्शन ७७ मध्ये देतं. जाणता वाढपी पान बघून वाढतो. डीएनएसमास्क या माझ्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये टॅग लावून मी तेच करतो. मात्र आधी पॅकेट वाचणारं वायरशार्क लावून प्रत्येक जातीचं एकेक यंत्र सुरू करतो आणि ते नेमकं काय बोलतं ते वाचतो. माहितीपुस्तिकेत एक छापलेलं असतं आणि फर्मवेअर भलतंच बोलतं, असं बऱ्याचदा होतं. नियम लिहायला वेळ लागत नाही. खरा वेळ या वाचनात जातो.

राहतो तो अनोळखी पाहुणा. माझ्या फाइलीत त्याला पत्ता मिळतो, बूट फाइल नाही. त्यामुळे नव्या कंपनीचा फोन आणला की तो उजळतो, पण नोंदणी होत नाही, आणि मला बोलावणं येतं. 'सगळ्यांना सरसकट एकच उत्तर देऊन टाका ना,' असं ऐकावंही लागतं. पण लॅबच्या बूट फाइलीमागे आपोआप इन्स्टॉल होणारी सिस्टिम असते, आणि ती डिस्क पुसूनच सुरुवात करते. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं ठेवलेला एखादा हिशेबाचा संगणक त्या सरसकट उत्तराला भुलला, तर वर्षाच्या नोंदी जातील. मुका फोन एक ओळ लिहून बोलता करता येतो, म्हणून तेवढी बोलणी मी खाऊन घेतो.