काय लावलंत?

संगणकाला हेडफोन लावला की कधी कधी एक छोटी खिडकी उगवते. तुम्ही नक्की काय जोडलंय? हेडफोन, हेडसेट की मायक्रोफोन? बहुतेक मंडळी ती न वाचताच फुलीवर टिचकी मारून मोकळी होतात. अशा खिडक्यांवरचे शब्द ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मला मात्र त्या वाचाव्याच लागतात!

मुळात एवढं हुशार यंत्र आपल्याला विचारतंच कशाला? कारण त्याला खरंच कळलेलं नसतं. ३.५ मिमीच्या त्या भोकात एक बारीकसा खटका असतो. पिन आत गेली की कोणीतरी आलंय एवढंच त्यावरून समजतं. दारावरची बेलच म्हणा ना. कोण आलंय ते बेल थोडीच सांगते?

पिन हातात घेऊन बघा. दोन काळ्या रेघा असतील तर धातूचे भाग तीन: डावा कान, उजवा कान आणि एक सामाईक. तीन रेघा असतील तर भाग चार, आणि जास्तीचा सहसा माइकचा. त्यातही सीटीआयए आणि ओएमटीपी अशा दोन पद्धती. एकीत माइक जिथे, तिथे दुसरीत सामाईक तार. काही संगणक हे सगळं आपलं आपण तपासून घेतात, काहींना ते जमत नाही. न जमणारे विचारतात. लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप तर तीन चित्रंच पुढे ठेवतो. यूएसबीचा हेडसेट मात्र शहाणा पाहुणा, दारातच आपलं नावगाव सांगतो.

आता आमच्या मावशीचं ऐका. ती साताऱ्याला एकटी राहते, मुलगा परदेशात. दर रविवारी दोघांचा व्हिडिओ कॉल. त्यानं तिच्या जुन्या डेस्कटॉपसाठी हेडसेट पाठवला आणि पंचाईत झाली. मावशीला सगळं ऐकू येई, पण तिचा आवाज काही तिकडे पोचेना. ती हातवारे करी, तो टाइप करी. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी मी तिथे होते. खिडकी आली आणि मावशीनं ती झटक्यात घालवली.

"अगं मावशी, का घालवलीस?"

"ते परीक्षा घेतं गं. हेडफोन की हेडसेट, मला काय माहीत? चुकलं आणि काही बिघडलं म्हणजे?"

तीस वर्षं शाळेत मुलांचे पेपर तपासलेली बाई ही! एका प्रश्नाला घाबरून दोन आठवडे मुलाशी बोलली नव्हती.

तेव्हापासून कामाच्या वहीत मी चार ओळी लिहून ठेवल्यात. ओळखता येत असेल तर विचारू नये. वस्तूचं नाव विचारू नये, काम विचारावं: "फक्त ऐकायचंय, की बोलायचंही आहे?" चुकलं तरी काही बिघडत नाही आणि नंतर कुठे बदलता येईल, ते तिथेच सांगावं. आणि मागच्या वेळचं उत्तर आधीच निवडून ठेवावं, पण लादू नये. कारण आज तोच हेडसेट लावलाय की दुसराच, हे त्या खटक्याला कळत नाही.

फुली मारली तर काय करायचं, यावर मात्र आमच्यात अजून वाद आहे. माइक बंद ठेवला तर मावशीसारख्यांचा आवाज जात नाही. न विचारता चालू केला तर घरातलं बोलणं नको तिथे पोचायचं. माझं मत बंदच्या बाजूनं आहे, पण मग माइक बंद आहे हे तरी ठळक दिसायला हवं.

शब्द जेमतेम आठ-दहाच असतात हो. तेवढ्यात समोरच्याला अडाणी न ठरवता विचारता आलं पाहिजे. घरी आलेल्या माणसाला आपण "चहा घेणार ना?" असं विचारतो, त्यात कुठे परीक्षा असते?

असो. तुम्ही काय करता, वाचता की सरळ फुली?