दीवला? तुम्ही?

आमच्या बडोद्यात कुणी ‘दीवला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा आधी गालातल्या गालात हसतो. गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीव केंद्रशासित प्रदेशात. मग जोडून सुट्टी आली की लोक तिकडे कशासाठी धावतात, हे वेगळं सांगायला नको. २०२२ च्या मार्चमध्ये मी शेजारच्या बेनना सहज म्हटलं, “गुड फ्रायडेच्या सुट्टीत दीवला जायचं चाललंय.” त्यांच्या हातातली मटारची शेंग सोलायची तशीच राहिली. “दीव? तमे?” मग जरा थांबून, “बा पण?”

“हो, बा पण,” मी ठोकून दिलं. खरं म्हणजे आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोवर तयार झालेल्याच नव्हत्या.

त्याआधीच्या चैत्रात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे धाकटे दीर इंदूरला गेले. बडोद्याहून इंदूर काही लांब नाही. रात्रीच्या बसमध्ये बसलं की सकाळी पोचतो. पण त्या दिवसांत आम्हाला जाता आलं नाही, आणि जाऊन काही हाती लागलंही नसतं. रुग्णालयातून त्यांना परस्परच नेलं. जावेलाही लांबूनच दाखवलं. आईंना तर आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माळ घेऊन बसल्या त्या बसल्याच. त्यानंतर वर्षभर त्यांचं सामायिक चुकलं नाही, जप चुकला नाही, विचारलं तर उत्तरही देत. आपणहून मात्र एक शब्द नाही.

फेब्रुवारीत जावेचा फोन आला. “ताई, कुठंतरी नेता का मला? पण तीर्थक्षेत्र नको. तिथं सगळे ओळखीचे भेटतात. भेटला की प्रत्येक जण पहिल्यापासून सगळं विचारतो. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, अशा ठिकाणी न्या. मला नुसता समुद्र बघायचाय.”

मी दिनदर्शिका घेऊन बसले. त्या वर्षी महावीर जयंती गुरुवारी, १४ एप्रिलला. शुक्रवारी गुड फ्रायडे, शनिवारी पौर्णिमा आणि रविवारी ईस्टर. हा योगायोग नाही, हे मला तेव्हा कळलं. वसंत संपातानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. आपली महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीची, म्हणजे पौर्णिमेच्या अलीकडचीच. दोन्ही सण एकाच चंद्राकडे बघून ठरतात, म्हणून बहुतेक वर्षी शेजारी शेजारी येतात. अधिक महिन्याची भानगड असली तरच दूर जातात. यांच्या बँकेला दोन सुट्ट्या आयत्याच होत्या, तिसरा शनिवार म्हणून एक रजा टाकायची, की झालं.

समुद्र म्हणजे दीव, हे मीच ठरवलं. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय. १५३५ मध्ये बांधायला घेतलेला पोर्तुगीजांचा किल्ला, १५३८ आणि १५४६ चे दोन मोठे वेढे, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलेलं. पाहिलेलं काहीच नव्हतं. घरात कधी असं काही निघालं की माझं वाक्य ठरलेलं: “तुम्ही जा, मी घर बघते.” आणि कारणही तयार असायचं. बाहेर आपलं जमत नाही. कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणी गाळून. कोण कुणाला सांगत बसणार?

आईंसमोर विषय काढला. “महावीर जयंतीच्या दिवसांत दारूच्या गावाला?” इतकंच बोलल्या. पण वर्षभरात न विचारता त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या, म्हणून मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

मग मी शोधाशोध केली. दीवच्या अलीकडे ऊना, आणि त्याच्याजवळ अजाऱ्याचं पार्श्वनाथाचं जुनं तीर्थ. अकबराला भेटून पर्युषणातली जीवहत्या थांबवायला लावणारे हीरविजयसूरी १५९५ मध्ये ऊन्यालाच गेले. आणि खुद्द दीवमध्ये नवलखा पार्श्वनाथाचं मंदिर! पोर्तुगीजांच्या आधी ते गुजरातच्या सुलतानाचं भरभराटीचं बंदर होतं. जिथं व्यापार तिथं आपले लोक असणारच. मी आईंना सांगितलं, “दारूच्या गावात पार्श्वनाथ राहतात, मग आपण चार दिवस राहिलो तर काय?” त्या म्हणाल्या, “ती श्वेतांबर मंदिरं.” म्हटलं, “हो, पण भगवान तेच ना?” यावर त्यांनी माळ पुढे ओढली. ही त्यांची होकाराची रीत.

आता खरी तयारी. वहीत पहिलं पान काढलं ते सूर्याचं. दीव पश्चिमेला, तिथं एप्रिलच्या मध्यात सूर्यास्त सातच्या पुढे चार-पाच मिनिटांनी. आई सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, तोंड धुऊन मोकळ्या होतात. म्हणजे सव्वासहाला जेवण संपायला हवं. हॉटेलात फोन लावला. “जैन थाळी मिळेल ना?” “हो हो, जैन आहे, कांदा-लसूण-बटाटा नाही.” “साडेपाचला हवी.” पलीकडे शांतता. “बेन, साडेपाचला तर चहा असतो. जेवण आठला सुरू होतं.” शेवटी मुगाची खिचडी आणि कढी पाच माणसांना साडेपाचला, असं ठरलं. तो म्हणाला, “एवढं लवकर जेवून मग संध्याकाळभर करणार काय?” मला उत्तर सुचलं नाही.

दुसरं पान शिदोरीचं. शुक्रवारी चतुर्दशी, म्हणजे हिरवं काही नाही. मेथीचे थेपले बाद. मी बेळगावकडची, आमच्याकडे प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीच्या पातळ कडक भाकऱ्या चार दिवस काय, पंधरा दिवस टिकतात. चटणीत लसूण तेवढा वगळायचा. बरोबर दशम्या, खाकरे, भाजलेले चणे, गूळ, पाणी गाळायचं फडकं.

तिसरं पान रस्त्याचं. बडोदा ते दीव चारशे किलोमीटरच्या वर. आईंचं वय ब्याऐंशी, एका दमात नको. गुरुवारी मंदिरातला अभिषेक करून निघायचं, सूर्य असेतो भावनगर गाठायचं, धर्मशाळेत मुक्काम. शुक्रवारी महुवा, अजारा, दीव.

जाऊ आणि पुतणी बुधवारी आल्या. गुरुवारी दोन वर्षांनी मंदिरात पाळणा सजला. बायका एकेक करून बाल वर्धमानाचा पाळणा हलवत होत्या. आईंची पाळी आली. त्यांनी दोरीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. कुणाला कळलं नाही. जावेला कळलं, मला कळलं.

महुव्याच्या वाटेवर सगळीकडे कांदाच कांदा. ढीग, पोती, ट्रक. पुतणी म्हणाली, “आजी, नाक धर, नाहीतर नियम मोडेल!” आई ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. अजाऱ्याला दर्शन घेतलं. दिगंबर घरातल्या आम्हाला मूर्तीवरचे डोळे आणि अंगी यांची सवय नाही, पण आई बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

दीवमध्ये पोचलो, हातपाय धुतले, आणि दुपारी सेंट पॉल चर्चपाशी गेलो. बाहेरून नक्षीनं भरलेलं, आत उंच छत, लाकडी कोरीव वेदी. बाहेर घंटा नाही, गडबड नाही. गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजवत नाहीत. थोडीच माणसं बाकांवर बसली होती. इथली कितीतरी कुटुंबं पोर्तुगाल आणि इंग्लंडला जाऊन राहिलीत. आम्ही मागच्या बाजूला उभ्या राहिलो. आईंनी हळूच विचारलं, “आज यांचं काय असतं?”

“येशूला क्रुसावर दिलं, तो दिवस.”

“आई होती का त्याची तेव्हा?”

“होती. क्रुसाजवळच उभी होती, असं सांगतात.”

आई बाकावर बसल्या. समोर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तिला उभं तरी राहू दिलं.”

जाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींपैकी कुणीही कुणाला हात लावला नाही, काही बोललं नाही. मग जावेनं बोलायला सुरुवात केली. रुग्णालयाच्या दाराशी ती किती वेळ उभी होती, काय दिसलं, काय नाही. वर्षभर विचारणाऱ्या कुणालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. आईंना तर नाहीच. आई ऐकत होत्या आणि मधूनच विचारत होत्या: “पांघरूण कुठलं होतं?” “कुणी नमोकार म्हटला का?” जाऊ म्हणाली, “मी म्हटला, आई. लांबूनच, पण मोठ्यानं म्हटला.” आईंनी मान हलवली. मी आणि पुतणी बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

साडेपाचला खिचडी-कढी पानात होती. सव्वासहाला आम्ही मोकळ्या. हॉटेलवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. बाकीची मंडळी तयार होऊन जेवायला निघायची होती, आणि आमच्यापुढे अख्खी संध्याकाळ पसरलेली. खुखरी स्मारकापाशी गेलो. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवलेली आपली ही युद्धनौका. कॅप्टन मुल्ला यांच्यासह १९४ जण तिच्याबरोबर गेले. समोर समुद्र. सूर्य बुडेपर्यंत आई बसून होत्या. आयुष्यभर ज्या नियमाचं कारण पुढे करून मी घरी राहिले, त्या नियमानंच ही संध्याकाळ आम्हाला दिली होती.

शनिवारी नवलखा पार्श्वनाथाचं दर्शन, मग किल्ला. तिन्ही बाजूंनी पाणी, तटावर जुन्या तोफा, समोर पाण्यात उभा पाणीकोठा. मी वेढ्यांच्या सनावळ्या सांगायला लागले तसे हे म्हणाले, “आता परीक्षा नाही घेणार ना?” आई चढू शकल्या नाहीत. दरवाजाजवळ सावलीत बसून त्यांनी तिथल्या झाडूवाल्या बाईशी गप्पा मारल्या. आपणहून.

रविवारी सकाळी निघताना चर्चच्या घंटा वाजत होत्या. गाडीत आईंनी विचारलं, “पुढच्या वर्षी हे कधी येतंय?” मोबाइलवर बघून सांगितलं, “महावीर जयंती मंगळवारी, ४ एप्रिलला. यांचा शुक्रवार सात तारखेला.”

“मग मधे दोन दिवस मिळतात,” आई म्हणाल्या. “तेवढ्यात मीच इंदूरला जाऊन येईन.”

घरी पोचले तेव्हा बेन दारातच होत्या. “केम, दीव केवुं रह्युं?” मी भाकऱ्यांचा रिकामा डबा गाडीतून काढत म्हटलं, “सरस.” त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अजूनही त्यांचा विश्वास बसलेला नाही की आम्ही तिथं फक्त खिचडी खाल्ली.