वहीत नसलेला पोट्टा

निवड चाचण्या बंद करून टाकाव्यात, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत मोठ्या आवाजात मांडत असे. नागपूरच्या गुझदर क्रिकेट लीगच्या सामन्यांना स्कोअर लिहायला बसणाऱ्या माणसाचं दुसरं मत असणार तरी काय? कोणी किती चेंडू खाल्ले, कोण दर वेळी तिशीत पोचून झेल देतो, कोणाचा पहिला स्पेल सुसाट आणि दुसरा गारद, हे सगळं आमच्या वहीत असतं. अख्ख्या मोसमाचा हिशेब समोर असताना एका सकाळी नेटमधल्या डझनभर चेंडूंवर पोराचं भवितव्य ठरवायचं, ही मला शुद्ध थट्टा वाटायची.

आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायचंय. पण आधी मला जे वाटायचं त्यात दम होता, हेही नोंदवतो.

ट्रायलची सकाळ कशी असते? सातला बोलावलेलं असतं, पोट्टे सहालाच हजर. काटोल, रामटेक, उमरेडहून पहिल्या एसटीनं आलेले. खांद्यावर किटबॅग, हातात आधार कार्डाची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स. टेबलावर नाव लिहायचं, छातीवर नंबर लावायचा आणि बसून राहायचं. ऊन डोक्यावर आलं की नंबर लागतो. फलंदाजाला दोन ओव्हर मिळाल्या तर नशीब, आणि त्यातले निम्मे चेंडू त्याच्याइतकाच घाबरलेला कोणीतरी लेग स्टंपच्या दोन हात बाहेर टाकतो. सोडून दिले तर ‘काही दाखवलंच नाही’, मारायला गेला तर ‘घाई करतो’. गोलंदाजाची गत आणखी वाईट. पुढ्यात शेवटच्या नंबरचा फलंदाज आला तर त्याचा स्टंप उडवल्याचं कौतुक कोण करणार? शिवाय बाहेर कुंपणाला टेकून उभे असलेले बाप आपसात वशिल्याची चर्चा करत असतात. ती खरी असो वा खोटी, निकाल लागायच्या आधीच निम्म्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

त्या काळात मला एक भक्कम साक्षीदार सापडला, तोही अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. शाळा-कॉलेजातल्या हौशी खेळाडूंमधून क्लबांनी पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. त्याआधी क्लब निवडक पोरांना मैदानावर बोलावून घेतात. साठ यार्ड पळायला लावतात, लांबून चेंडू फेकायला लावतात, बॅट फिरवायला लावतात आणि स्काउट मंडळी वही-पेन्सिल घेऊन बघत बसतात. बिली बीन नावाचा पोरगा या बघ्यांचा लाडका होता. उंचापुरा, चपळ, हातात ताकद. १९८० च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सनं त्याला पहिल्याच फेरीत, २३ व्या क्रमांकावर घेतलं. अव्वल पातळीवर तो १४८ सामने खेळला आणि सरासरी राहिली .२१९, म्हणजे अगदीच बेतास बात. पुढे हाच बीन ओकलंड क्लबचा कारभारी झाला. २००२ च्या ड्राफ्टमध्ये त्यानं पोरांची शरीरयष्टी बघणं सोडून कॉलेजचे आकडे वाचायला घेतले. मायकल लुईसनं त्यावर २००३ मध्ये ‘मनीबॉल’ लिहिलं, मग ब्रॅड पिटचा सिनेमा आला. स्कोअर लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? सिनेमातला नायक चक्क आमच्या बाजूचा!

माझ्या मताला पहिला तडा गेला तो इथल्याच एका माणसामुळे, आणि तो तडा मी बरीच वर्षं बघूनही न बघितल्यासारखा केला. तो माणूस म्हणजे उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामाला. लष्करात आणि पोलिसात जायची खटपट करून झालेली, ती जमली नाही. विशी गाठेपर्यंत सगळं क्रिकेट टेनिस बॉलवर. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यानं विदर्भाकडून रणजीत पदार्पण केलं, २०१० मध्ये तो आयपीएल आणि भारताचा एकदिवसीय संघ दोन्हीकडे पोचला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे इथल्या क्रिकेटवाल्यांना ठाऊक आहे.

आता माझ्या वहीच्या हिशेबानं बघा. २००७ साली तुम्ही मला उमेश यादवचा हिशेब मागितला असता तर मी काय दाखवलं असतं? कोरं पान. टेनिस बॉलच्या रात्रीच्या सामन्यांना कोणी स्कोअरबुक ठेवत नाही, ठेवलं तर ते दुसऱ्या दिवशी भेळवाल्याकडे जातं. वहीत यायला आधी क्लब लागतो, क्लबात यायला कोणीतरी घ्यावं लागतं. म्हणजे ज्या वहीला मी ट्रायलच्या वरचं न्यायालय समजत होतो, तिच्यात शिरायलाही पोराला कुठेतरी, कोणाच्या तरी डोळ्यासमोर ट्रायल द्यावीच लागलेली असते. फक्त तिथे छातीवर नंबर नसतो. मी ज्यांची आकडेवारी अभिमानानं सांगायचो, ते सगळे आधीच कोणाच्या तरी नजरेतून गाळून माझ्यापर्यंत आलेले होते.

मग मला दुसरी गोष्ट उमगली. काही गुण सहा चेंडूंत दिसतात, काही सहा मोसमांतही नीट दिसत नाहीत. वेग पहिल्या जातीचा. यष्टिरक्षकाच्या हातमोज्यावर चेंडू आदळल्याचा आवाजच सांगतो. धीर दुसऱ्या जातीचा. वसीम जाफर चाळिशीत विदर्भाकडून खेळला, २०१८ च्या मार्चमध्ये जामठ्याला इराणी सामन्यात त्यानं २८६ केल्या आणि पुढच्या रणजी मोसमात हजारावर धावा जमवल्या. त्याला खुल्या ट्रायलला रांगेत उभं केलं असतं तर? ‘काका, तुमचा मुलगा कुठाय?’ असंच कोणीतरी विचारलं असतं. तिथे वहीच पाहिजे.

आणि वही तरी दर वेळी गंभीर न्यायाधीश असते का? आपल्या नागपूरच्या शुभम दुबेचं उदाहरण घ्या. २०२३ च्या मुश्ताक अली स्पर्धेत पोरगा जोरात खेळला आणि डिसेंबरात दुबईच्या आयपीएल लिलावात वीस लाखांच्या मूळ किमतीवरून ५.८० कोटींवर गेला, राजस्थान रॉयल्सकडे. घराघरात पेढे. पुढच्याच लिलावात त्याच क्लबनं त्याला ८० लाखांत परत घेतलं. पोरगा तोच, बॅटही बहुधा तीच. एका स्पर्धेचा आकडा भाव चढवतो तितक्याच सहज उतरवतो. शिवाय त्या आकड्यापर्यंत पोचायला शुभमला वयाची एकोणतिशी गाठावी लागली होती.

उरलासुरला हट्ट मोडला तो २०२४ मध्ये, पुन्हा नागपुरातच. राजस्थान रॉयल्सचं सराव केंद्र नागपूरजवळ तळेगावात आहे, यशस्वी जयस्वाल, रियान पराग तिथे घडले. त्या वर्षी लिलावाआधी या क्लबनं बिहारच्या एका तेरा वर्षांच्या पोराला नागपुरात ट्रायलसाठी बोलावलं. वैभव सूर्यवंशी. तोवर त्याचा रणजीतला हिशेब पाच सामने, शंभर धावा, सर्वोच्च ४१. मी ते पान वाचून दुसऱ्या मिनिटाला मिटलं असतं. त्याच्या वडिलांनी नंतर वार्ताहरांना सांगितलं की प्रशिक्षक विक्रम राठोड यांनी पोराला एक प्रसंग दिला: एका षटकात १७ हव्यात. त्यानं तीन षटकार मारले. बापाच्या तोंडची हकिगत आहे, थोडी घट धरा हवी तर. पण २५ नोव्हेंबरला जेद्दाहच्या लिलावात क्लबनं ३० लाख मूळ किमतीच्या या पोरासाठी १.१० कोटी मोजले, आणि २८ एप्रिल २०२५ ला जयपुरात त्यानं गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. त्याला घट धरता येत नाही.

मला षटकारांपेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘दोन ओव्हर खेळून दाखव’ आणि ‘एका षटकात १७ कर’ यात फार अंतर आहे. पहिल्यात पोरगा काय दाखवायचं याचा अंदाज बांधत राहतो. दुसऱ्यात त्याला काम दिलेलं असतं, आणि बघणाऱ्यालाही आपण काय शोधतोय ते आधी ठरवावं लागतं. आपल्या बहुतेक ट्रायल फसतात त्या इथे. खुर्चीत बसलेल्यांना विचारा, तुम्हाला नेमका कोण पाहिजे? ‘चांगला पोट्टा पाहिजे, भाऊ.’

बेसबॉलकडे परत जाऊन पाहिलं तेव्हा जुन्या साक्षीदाराची उलटतपासणी झाली. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये माइक पियाझा ६२ व्या फेरीत, १३९० वा निवडला गेला. तोही उपकार म्हणून, कारण लॉस एंजेलिस डॉजर्सचा व्यवस्थापक टॉमी लसोर्डा त्याच्या वडिलांचा दोस्त. शुद्ध वशिला. करार द्यायला क्लब तयार नव्हता, म्हणून लसोर्डानं स्टेडियमवर त्याची ट्रायल लावली. पोरानं चेंडू प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांत भिरकावले आणि यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा सांभाळायच्या बोलीवर करार मिळाला. २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्यानं फाटकापर्यंत आणलं, आतलं काम त्या एका ट्रायलनं केलं. ही गोष्ट मला जरा अडचणीचीच वाटते, पण टाळता येत नाही.

नुसत्या एका गुणावर भाळलं की काय होतं, त्याचाही नमुना आहे. २००८ मध्ये, उमेश रणजीत आला त्याच वर्षी, ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा घेऊन एक अमेरिकन एजंट भारतात आला. हाती वेग मोजायची गन. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यात निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं. बेसबॉल दोघांनी कधी हातात धरला नव्हता. अव्वल पातळीपर्यंत दोघंही पोचले नाहीत, रिंकू पुढे कुस्तीच्या आखाड्यात गेला. उमेशला मात्र गंधेसारखा माणूस मिळाला आणि लगेच सामने मिळाले. ट्रायलनंतर काय होतं, यावर फार अवलंबून असतं.

अमेरिकेत ट्रायल हा लांबलचक पाहणीचा शेवट असतो. स्काउट त्या पोराच्या मागे दोन-दोन वर्षं गावोगाव फिरलेला असतो, मैदानावर बोलावणं हा शेवटचा ताळा. आपल्याकडे ट्रायल हीच सुरुवात आणि बहुतेकांसाठी तोच शेवट. म्हणून ‘बंद करा’ हे माझं जुनं म्हणणं मी मागे घेतलंय आणि त्याच्या जागी एक नवं तुणतुणं धरलंय: ट्रायलला एक स्कोअरर बसवा. कोणत्या नंबरच्या पोट्ट्यानं कोणाला किती चेंडू टाकले, फलंदाजाला खेळण्याजोगे किती मिळाले, कोणाची पाळी बाराच्या उन्हात आली, हे कागदावर येऊ द्या. सिमेंटच्या नेटवर टाकणारा आणि हिरव्या विकेटवर टाकणारा एकाच यादीत बसवू नका. न निवडलेल्यांचा कागद फाडू नका, सहा महिन्यांनी त्यातल्या काहींना पुन्हा बोलवा.

सिलेक्शनमध्ये उमर घालवलेले माझे एक स्नेही हे ऐकून हसले. म्हणाले, ‘भाऊ, मंग तुमची वही कायले म्हनत होते सगळं सांगते म्हनून?’ मी म्हटलं, सांगते, पण तिला ट्रायलला कधी नेलंच नव्हतं. एका क्लबला मी तसं कळवलंय. मानधन नको, सावलीत खुर्ची आणि दोन वेळा चहा पुरे. उन्हाळी शिबिराच्या निवडीला या, एवढं तोंडी आश्वासन मिळालंय. तारीख अजून ठरायची आहे.