उष्णतेची देवघेव

सकाळीं दारांत येऊन पडणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण वाचतों. परंतु तो शब्द खरा करून दाखविणाऱ्या यंत्राचा परिचय फारच थोड्यांस असेल. माझा एक जुना विद्यार्थी एका दूधसंघांत अभियंता आहे. त्याच्या आग्रहावरून तें यंत्र मीं नुकतेंच प्रत्यक्ष पाहिलें.

त्यास प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणतात. न गंजणाऱ्या पोलादाचे, सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचे, नागमोडी पन्हळींचे पुष्कळसे पत्रे एकास एक लावून आंवळलेले असतात. कडांस रबरी गॅस्केट असते. पत्र्याच्या एका बाजूनें थंड दूध व दुसऱ्या बाजूनें तापलेलें दूध उलट दिशेस वाहतें. दोहोंची गांठ पडत नाहीं. उष्णता मात्र पलीकडे जाते. रिचर्ड सेलिगमन यांनीं १९२३ सालीं इंग्लंडांत ही रचना दुधाकरितांच प्रचारांत आणिली.

४ अंशांवरील कच्चें दूध ७२ अंशांपर्यंत तापवावयाचें, निदान १५ सेकंद तसेंच ठेवावयाचें आणि पुन्हां ४ अंशांवर आणावयाचें, एवढें हें कार्य. पण येणाऱ्या दुधास जाणारें दूधच तापवितें. दोन प्रवाहांत ७ अंशांचें अंतर राखलें, तर थंड दूध ६५ अंशांस पोंचतें व तप्त दूध ११ अंशांपर्यंत उतरतें. उरल्या ७ अंशांपुरतेंच काय तें एकीकडे गरम आणि दुसरीकडे अतिथंड पाणी लागतें!

“मग हें अंतर निम्म्यावर कां आणूं नये?” असें मीं विचारलें.

“सर, तेवढ्यासाठीं पत्रे दुपटीहून अधिक लागतील, शिवाय दुधाची वाट लांबली, कीं पंपावरील भार वाढतो. इंधनांत वांचलेलें पत्र्यांत आणि विजेंत जातें.”

यंत्राची निवड म्हणजे हा तोल साधणें होय. पन्हळ तिरपी असली, तर प्रवाह घुसळला जाऊन उष्णता त्वरित पोंचते, पण दाबही अधिक खर्ची पडतो. दाट द्रवास रुंद पोकळी हवी. गॅस्केटचें रबर त्या उष्णतेस टिकणारें हवें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. पत्र्यास सूक्ष्म छिद्र पडून कच्चें दूध शुद्ध दुधांत मिसळलें, तर तें एखाद्या तान्ह्या मुलाच्या वाटींत जाईल, आणि कोणास पत्ताही लागणार नाहीं. म्हणून शुद्ध दुधाचा दाब कच्च्याहून नेहमीं अधिक राखतात. गळती झालीच, तर ती शुद्धाकडून कच्च्याकडे व्हावी. त्याकरितां एक जादा पंप लागतो. यंत्र घेतेवेळीं हिशेब पाहणाऱ्यांनीं तोच वगळण्यास सुचविलें होतें. माझ्या विद्यार्थ्यानें तें मानलें नाहीं. प्रसंगीं चार पत्रे कमी करूं, असें त्यानें लिहून दिलें.

पत्रे कमी झाले, तर इंधन थोडें अधिक जळेल; तो तोटा वहींत दिसतो व भरून काढतां येतो. त्या पंपावर जें अवलंबून आहे, तें कोणत्याच वहींत मांडलेलें नसतें. दोष उद्भवणारच नाहीं, असें न मानतां त्याची दिशा आधींच ठरवून ठेवणें, हें मला त्या यंत्राच्या साऱ्या गणिताहून मोठें वाटलें.